टोपीआडचं तोंड

आधी तारखा लिहून घ्या, सीमाताई, मग जबाबदार माणसं, आणि सगळ्यात शेवटी माझा जन्म, शिक्षण, तुमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेला जे लागत असेल ते. क्रम उलटा लावाल तर मी बोलणार नाही. पहिली तारीख, पासष्टची लढाई थांबल्यावर कारखान्यात इंग्रजीचा वर्ग सुरू झाला तो दिवस. दुसरी, त्याच हिवाळ्यातला, संक्रांतीच्या अलीकडचा तो शनिवार, ज्या दिवशी माझ्या थोरल्या भावाच्या, पुंडलिक गावंडे याच्या, दोन्ही कानांवर एकाच वेळी हात पडले. तिसरी, होळीनंतरची चौकशी, जिच्यात तो जन्मतः बहिरा ठरवला गेला. चौथी, एकाहत्तरच्या लढाईतली ती सायरनची संध्याकाळ. आता माणसं. पहिला जबाबदार दयाल मास्तर, ज्यानं मारलं. तो मेला, म्हणून माझी तक्रार मेली असं कोणत्याही कायद्यात नाही. दुसरा हॅमर शॉपचा फोरमन, ज्यानं दिवसभर घणाखाली उभ्या असलेल्या माणसांना तसंच त्या वर्गात पाठवलं. तिसरे चौकशीचे साहेब. आणि चौथा शंकरराव राऊत, ज्यांना तुमचं मंडळ येत्या गणपतीत शाल आणि श्रीफळ देणार आहे. पहिले तिघे आता हयात नाहीत. चौथा इथेच, जबलपुरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात राहतो, रोज सकाळी पांढरा स्वेटर घालून फिरायला निघतो आणि माझ्या दारावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

तुम्ही म्हणता, काका, थोडं सावकाश बोला ना, माझं लिहून नाही होऊन राहिलं. अच्छा, सावकाश बोलतो. मी कारखाना सुटल्यापासून कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेला अर्जनवीस आहे, दुसऱ्याची फिर्याद त्याच्या तोंडून ऐकायची आणि साहेबाला समजेल अशा भाषेत उतरवायची हाच माझा धंदा, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात कुठे दुखतो ते मला कळतं. आज पहिल्यांदा मी सांगतो आहे आणि दुसरं कुणी लिहितं आहे. माझं नाव मधुकर. आमचे वडील अमरावतीकडचे, तिकडे जिनिंगच्या कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते, आणि इंग्रजांच्या मोठ्या लढाईत जबलपूरला तोफगाड्यांच्या कामाला माणसं भरती होऊ लागली तेव्हा वाफेचं काम येणारा माणूस म्हणून त्यांना इथे घेतलं. आई, वडील आणि कडेवरचा पुंडलिक असे तिघे आले. मी इथेच जन्मलो, लाइनीतल्या क्वार्टरात, जिथे सकाळचा भोंगा हाच घरातला कोंबडा.

दादाचे कान कसे होते ते सांगणं भाग आहे, कारण सगळा दावा त्याच्यावर उभा आहे. भोंगा वाजण्याआधी त्याच्या नळीत वाफ शिरते, ती वाफ दादाला क्वार्टरात झोपेत ऐकू यायची आणि तो म्हणायचा, बाबा, उठा, आता वाजते. लाइनीतल्या गणपतीत तो ढोलकी वाजवायचा, आणि साधीसुधी नाही, गाणारा जरा सरकला तर ढोलकी त्याला ओढून आणायची. पेटीवर कोण बसायचं? शंकरराव राऊत. बाजूच्याच लाइनीतले, दादाच्या वयाचे, आमच्या घरी भाजी-भाकरी खाल्लेले. पेटी चुकली की दादा ढोलकीवरून नजर न उचलता म्हणायचा, शंकर, तुही पेटी जबलपुरात आहे अन् गाणं कटनीले पोचलं. सगळे हसायचे, राऊतही हसायचे.

चीनच्या लढाईच्या सुमारास दादा हॅमर शॉपमध्ये लागला. काय सांगू तुम्हाला, ते शॉप म्हणजे काय होतं. वाफेचे घण, एकेक घण माणसाच्या उंचीच्या दुप्पट, भट्टीतून लाल गोळा सांडशीनं ओढायचा, ऐरणीवर ठेवायचा, आणि वरून घण असा यायचा की पायाखालची जमीन दातांत वाजायची. एकदा गोळा नीट बसला नव्हता, घणाखालून निसटला आणि समोरच्या माणसाच्या मांडीतून आरपार गेला, रक्त आलंच नाही, मांस जागीच भाजलं, आणि त्याच्या ओरडण्याचा आवाज कुणालाही ऐकू आला नाही, फक्त उघडं तोंड दिसलं. दादानं ते तोंड पाहिलं म्हणून घण थांबला. कानांत कॉटन वेस्टचे, यंत्र पुसायच्या सुताचे, बोळे कोंबायचे, त्या बोळ्यांना ग्रीसचा वास यायचा, आणि संध्याकाळी बोळे काढले तरी घण आतच चालू राहायचा. त्या शॉपात कुणी बोलत नसे. बोलून उपयोग नव्हता. पंजा उभा म्हणजे थांब, मूठ फिरवली म्हणजे गोळा उलटव, अंगठा ओठाला लावला म्हणजे पाणी. जे हाताच्या खुणेत मावत नाही ते तोंडाकडे पाहून समजायचं. हॅमर शॉपचा जुना माणूस दुसऱ्याच्या ओठांवरून शिवी ओळखायचा, आणि कोणत्या गावची शिवी आहे तेही ओळखायचा.

लढाई आली की कारखान्यात तीन पाळ्या, जेवणाची सुट्टी अर्धी, आणि आजारी पडणं म्हणजे देशाशी बेइमानी. पासष्टला दादा त्या भट्टीपुढे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभा असायचा. तेव्हा त्याचे कान उतरायला लागले. घरी आला की मोठ्यानं बोलायचा. शांतावहिनीनं ते आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि कुणाला काही न बोलता एक सवय लावून घेतली, त्याच्याशी बोलताना ती चुलीकडून उठायची, समोर येऊन बसायची आणि मग बोलायची. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझी फिर्याद दोन भागांत आहे. कानांचा अर्धा भाग घणानं नेला, आणि तो कारखान्याचा घाव आहे. उरलेला अर्धा एका माणसाच्या दोन पंजांनी नेला. जन्मानं काहीही नेलेलं नाही.

मग वर्ग सुरू झाला. नवी यंत्रं येणार, हुकूम लाउडस्पीकरवरून आणि फोनवरून इंग्रजीत सुटणार, म्हणून ज्याला सुपरवायझर व्हायचं आहे त्यानं इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी असं निघालं. पाळी संपली की पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग. दादा होता, राऊत होते, आणि मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारा ट्रेसर होतो म्हणून मीही होतो. शिकवायला दयाल मास्तर, फौजेतून निवृत्त, रंगरूटांना इंग्रजी शिकवलेले, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी आणि हातात छडी नव्हे, यंत्राचा तुटलेला रबरी पट्टा.

त्यांचं म्हणणं असं की हिंदुस्तानी माणसाचं इंग्रजी स्वरांत मरतं. छोटा स्वर कुठला आणि लांब स्वर कुठला हे कानाला कळलं पाहिजे. शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. फिल आणि फील. पुल आणि पूल. ते शब्द उच्चारायचे आणि टेबलावर पट्टा मारायचे, छोट्या स्वराला पट्ट्याचा एक तुटक फटका, लांब स्वराला पट्टा टेबलावरून सर्रकन ओढायचा. मग पट्टा बंद, नुसता शब्द, आणि एकेकाला उभं करून विचारायचं, बोल, छोटा कि लंबा? आम्ही मराठी शाळेतून आलेलो, ऱ्हस्व-दीर्घासाठी लहानपणी छड्या खाल्लेल्या, पण ते सगळं कागदावरचं. बोलताना आमची पहिली वेलांटी काय आणि दुसरी काय, एकाच मापाची. पहिल्या दिवशी राऊत उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, मेंढीवर बसून लंकेला जाता येईल का? वर्ग हसला. दयाल मास्तरही हसले, आणि हसता हसता पट्टा राऊतांच्या तळहातावर असा मारला की दुसऱ्या दिवशी राऊतांना पेटीवर बसता येईना.

नियमच होता. छोटा स्वर चुकला तर तळहातावर, लांब चुकला तर पाठीवर, आणि लांबाचा पट्टा लांबच चालायचा, खांद्यापासून कमरेपर्यंत. तिसऱ्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या फिटरचा सदरा पाठीवर फाटला, तो खाली बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, लढाई संपली म्हणते, इथं तं चालूच आहे बाप्पा. मला स्वतःला किती वेळा बसला ते मी सांगत नाही, माझी फिर्याद माझ्या पाठीबद्दल नाही. एवढंच लिहा की मोठी, मिशा पिकलेली, लेकरंबाळं असलेली माणसं पाळी संपल्यावर तिथे हात पुढे करून उभी राहत होती, कारण बढती हवी होती, आणि खिडकीतून फोरमन पाहायचा आणि पुढे जायचा.

दादाला मात्र पट्टा बसायचा नाही. शीप, दादा म्हणायचा, लंबा. फिल, छोटा. पुल, छोटा. एकही चूक नाही. दयाल मास्तर खूश, म्हणायचे, हथौड़ेवालों, सीखो इससे, इसके कान देखो. मी चक्रावलो. ज्याला वहिनीनं पाठीमागून हाक मारलेली ऐकू येत नाही त्याला हे कसं कळतं? घरी विचारलं तेव्हा तो हसला आणि वहिनीला म्हणाला, शांते, इकडे ये, आवाज नको काढू, नुसतं तोंड हलव. तिला शब्द मी शिकवले. तिनं पदर नीट केला, लाजली, आणि नुसत्या ओठांनी शब्द म्हणाली. दादा म्हणाला, शीप. पुन्हा. शिप. पुन्हा. शीप. वहिनी म्हणाली, अगं बाई, हे तर भुताटकी आहे. दादा म्हणाला, काहून भुताटकी? लंबा असला की ओठाचे कोपरे कानाकडे पळते अन् तिथंच थांबते, छोटा असला की आले अन् गेले. मास्तर तं टेबलावर पट्टा मारल्यासारखं तोंड मारते, दिसन नाही तं काय होईन. आम्ही तिघेही हसलो. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू आहे, ताई, म्हणून ते तसंच ठेवा.

परीक्षा जवळ आली. आमच्या शॉपांतून एकच जागा होती आणि दादा पुढे होता, राऊत मागे. शनिवारी वर्ग भरला तेव्हा राऊत उठले आणि अदबीनं म्हणाले, साहेब, एक अर्ज है, ये पुंडलिक सुनता नहीं है, ये आपके मुँह को देखता है. एवढंच वाक्य. हे त्यांनी भोळेपणानं म्हटलं असेल असं मला आजवर बऱ्याच लोकांनी सांगितलं. मी विचारतो, भोळा माणूस परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबतो का?

दयाल मास्तरांचा चेहरा उतरला. ज्याला त्यांनी वर्गापुढे मिरवलं त्यानं आपल्याला फसवलं असं त्यांना वाटलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंडासमोर धरली आणि टोपीच्या आडून शब्द म्हटला. दादा पाहत राहिला. टोपी दिसत होती, वर डोळे दिसत होते, आणि डोळ्यांना लांब-छोटं नसतं. बोल, छोटा कि लंबा? तेही टोपीआडूनच. दादाला प्रश्नच पोचला नाही. पट्टा हातावर पडला. पुन्हा टोपी, पुन्हा शब्द. दादा म्हणाला, लंबा. पट्टा. छोटा. पट्टा. मग पाठीवर, मग मानेवर, मग पट्टा चेहऱ्यावर आला, भुवई फुटली. दादा हॅमर शॉपचा माणूस, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे, त्यानं मनात आणलं असतं तर मास्तरला उचलून पत्र्याबाहेर फेकलं असतं. पण त्याला परीक्षा द्यायची होती. तो हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, साहब, टोपी हटाइए, मैं बता दूँगा. वर्गात कुणीतरी हसलं. त्या हसण्यावर मास्तरांचा तोल गेला. त्यांनी पट्टा टाकला, टोपी टाकली, दोन्ही पंजे पसरले आणि टाळी वाजवावी तसे जोरानं एकत्र आणले, मधे माझ्या भावाचं डोकं.

तो आवाज मी अजून सांगू शकत नाही. पिशवी फुटल्यासारखा म्हणतात, तसा नव्हता. दादा गुडघ्यावर आला आणि त्याच्या एका कानातून आधी आणि मग दुसऱ्या कानातून रक्ताची रेघ मानेत उतरली. त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाला, फक्त ओठ हलले, आणि मला ओठ वाचता येत नव्हते.

माझ्या हाताशी लोखंडी पायांचं स्टूल होतं. ते मी उचललं आणि दयाल मास्तरांच्या तोंडावर मारलं, आणि मास्तर पडल्यावर पुन्हा मारलं. जबडा मोडला, समोरचे दात जमिनीवर पडले. त्या तोंडातून पुढे कुठलाही स्वर, छोटा किंवा लांब, धड निघाला नाही. मी कोर्टात हे कबूल केलं, शिक्षा भोगली, नोकरी गेली. पश्चात्ताप झाला का असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो, आजही नाही म्हणतो, आणि हे वाक्य तुमचं मंडळ गाळणार असेल तर सगळंच गाळा.

आता चौकशी. माझी शिक्षा व्हायची होती, मी जामिनावर होतो. चौकशी मास्तरांची व्हायला हवी होती, झाली दादाची. आरोप असा की यानं जन्मापासूनचं बहिरेपण लपवून नोकरी मिळवली. चौकशीचे साहेब दक्षिणेतले, सगळं इंग्रजीत चालवायचे, हिंदी जेमतेम. वडिलांना साक्षीला बोलावलं. त्यांना साध्या गोष्टीला हिंदी पुरायची, पण जिवावरची गोष्ट आली की फक्त वऱ्हाडी निघायची. म्हणून दुभाष्या हवा. दुभाष्या म्हणून कुणाला घेतलं? इंग्रजीच्या परीक्षेत नुकत्याच पास झालेल्या शंकरराव राऊतांना.

मला आत घेतलं नाही. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा होतो, काचेचा वरचा झरोका उघडा होता, आणि मी जे सांगतो ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, ऐकीव नाही. वडील नवं धोतर नेसून, टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, सायेब, माहं पोरगं जलमाचं भयरं नाही. जलमाचं भयरं पोरगं ढोलकी वाजवते काय? हा शंकर पेटी वाजवे अन् तो ढोलकी वाजवे, हा इथं उभा आहे, याले विचारा. तुमच्या घणानं अन् तुमच्या मास्तरनं त्याचे कान खाल्ले. साहेबांनी राऊतांकडे पाहिलं. राऊतांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं की साक्षीदार म्हणतो, मुलगा पहिल्यापासून असाच आहे, दुसऱ्याचे हात पाहून ढोलकी वाजवायचा, आणि मास्तरांबद्दल त्याची काही तक्रार नाही.

ट्रेसरला पुरेल एवढं इंग्रजी मला येत होतं. मी खिडकीवर मूठ मारली, काच फुटली, मी साहेबांना कळावं म्हणून इंग्रजीतच ओरडलो, हे खोटं आहे, माझा बाप असं बोलला नाही. वडील दचकून खिडकीकडे वळले, त्यांना वाटलं मी पुन्हा कुणाला तरी मारतो आहे, आणि त्यांनी मलाच हात जोडले, मधु, चूप बस बाबा, साहेब चांगले आहेत, ऐकून राहिले आहेत. चौकीदारांनी मला व्हरांड्यातून ओढत गेटपर्यंत नेलं आणि गेटबाहेर लाथांनी तुडवलं, एक बरगडी तेव्हाची आहे, पावसाळ्यात बोलते. साहेबांनी निकाल दिला की बापानंच मान्य केलं आहे. दादाची नोकरी गेली. राऊत त्या वर्षी सुपरवायझर झाले. आणि माझे वडील, ताई, मरेपर्यंत समजत राहिले की त्यांनी नीट सांगितलं होतं आणि साहेबांनी ऐकून घेतलं होतं. लाइनीतली माणसं त्यांना विचारायची, काहून हो, पोराचं असं काहून बोलले? वडील म्हणायचे, मी तं खरं तेच बोललो. लोक मान फिरवायचे. बापानं पोराची भाकरी घालवली हे बोलणं आमच्या घरामागे तेव्हापासून आहे. मी वडिलांना राऊतांचं भाषांतर कधी सांगितलं नाही, वहिनीनं शपथ घातली होती, म्हणाली, म्हाताऱ्याच्या मनात एवढं एक राहू द्या, की आपल्याकडून झालं तेवढं केलं.

क्वार्टर सोडावं लागलं. शहरातच गढा भागात एका पिठाच्या चक्कीवर दादाला काम मिळालं, तिथे ऐकू येण्याची गरज नव्हती, पट्टा आणि दगड डोळ्यांनी सांभाळायचे. तो बदलला. पाठीमागून कुणी खांद्याला हात लावला की तो वळताच मारायचा, विचारायचा नंतर. एकदा वहिनीलाच लागलं, तिचा ओठ फुटला, आणि तो दिवसभर चक्कीतल्या पोत्यांवर डोकं आपटत होता.

मग एकाहत्तर. लढाई म्हटलं की या शहराला कापरं भरायचं, कारण बॉम्ब पडलाच तर आधी कारखान्यांवर पडणार. सायरनचा सराव सुरू झाला. चढउतार करणारा, तुटक तुटक आवाज म्हणजे धोका, दिवे घालवा. एकसारखा लांब आवाज म्हणजे धोका टळला, दिवे लावा. सगळ्या शहरानं छोटा आणि लांब आवाज ओळखायचा होता, ताई, आणि गढ्यातल्या चक्कीत एक माणूस होता ज्याला दोन्ही सारखेच. त्या संध्याकाळी सायरन झाला, गल्ली काळी झाली, चक्कीचा दिवा तसाच. पहारा देणारी मोहल्ल्यातली पोरं धावत आली, बाहेरून ओरडली, बत्ती बुझा, बत्ती बुझा बे. आत दादा पीठ चाळत होता. एकानं पाठीमागून त्याचा खांदा धरला. दादानं वळून त्याला भिंतीवर आदळलं. मग लाठ्या. जासूस है, बत्ती दिखा रहा है. दादाचा उजवा हात कोपरापासून मोडला, पीठ आणि रक्त यांचा चिखल झाला, आणि वहिनी त्याच्या अंगावर पडून ओरडत होती, सुनाई नहीं देता, अरे भैया, इनको सुनाई नहीं देता. हे ओरडणारी एकटी वहिनीच का होती? कारण त्या गल्लीत कुणाला माहीतच नव्हतं की तो कसा बहिरा झाला. जन्माचा बहिरा, असतो एखादा, एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यासाठी लाठीपुढे कोण जातं? हात वाकडा बसला. ढोलकी तर आधीच संपली होती, चक्कीही संपली.

वहिनी गेली त्याला आता बराच काळ झाला. दादा माझ्याकडे असतो, आतल्या खोलीत, तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला नमस्कार केला तो तोच. नातवंडांना मराठी धड बोलता येत नाही, समजतं सगळं, पण आजोबांसमोर उकिडवं बसून, तोंड वर करून सावकाश बोलायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

गेल्या महिन्यात मंडळाच्या सभेत राऊत बोलले. मी मागे बसलो होतो. ते म्हणाले, आमच्या काळी दयाल मास्तर जरा कडक होते, पण त्यांच्या पट्ट्यानंच आम्हाला इंग्रजी दिलं, आजच्या पोरांना ती शिस्त नाही. टाळ्या पडल्या. मी उठून उभा राहिलो तर अध्यक्ष म्हणाले, गावंडेजी, चलो, जुनं झालं ते, सणाच्या बैठकीत कशाला. घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं, समोर बसून, लपवलं नाही. तो शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, बाबाच्या नावानं जे चालून राहिलं ते मी गेल्यावरही चालन काय रे? आपल्या कानांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

म्हणून ही फिर्याद मी कोर्टात टाकत नाही, मुदतीचा कायदा मला पाठ आहे, आणि बंद पाकिटातलं उत्तर मला नको. शंकरराव राऊत, तुम्हाला उद्देशून हे छापून येणार आहे आणि छापलं नाही तर मी स्वतः सदर बाजाराच्या चौकात उभं राहून वाचणार आहे. माझ्या भावाची क्षमा मागा असं मी म्हणत नाही, ती द्यायची की नाही ते तो पाहील. शाल अंगावर घ्या, नारळ हातात घ्या, आणि सत्काराला उत्तर द्यायला उभे राहाल तेव्हा सगळ्या मंडळासमोर, मराठीत, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या: नारायण गावंडे, माझा बाप, त्या खोलीत तुमच्या शेजारी उभा राहून काय बोलला होता?